मारिओला मिशा का?

प्रश्न : ताई, नातवाच्या वाढदिवसाच्या केकवर लाल टोपीचा, मिशीवाला मारिओ होता. 'आजोबा, हा प्लंबर आहे,' एवढं तो सांगतो. पण प्लंबर का, मिशा का, नाव कुणी ठेवलं, असं विचारलं की माझ्याच तोंडाकडे बघतो. तुम्ही सांगाल का?
– एक आजोबा, निपाणी

उत्तर : काका, मिशांपासूनच सुरू करते.

मारिओ हे व्हिडिओ गेममधलं पात्र. १९८१ साली निन्टेन्डो ही असे गेम करणारी जपानी कंपनी अडचणीत होती. अमेरिकेत पाठवलेली 'रडार स्कोप' खेळाची सुमारे दोन हजार यंत्रं विकलीच जात नव्हती. त्या यंत्रांत नवा खेळ घालून ती खपवायचं काम शिगेरू मियामोतो या तरुण डिझायनरकडे आलं. आधी पॉपाय या कार्टूनमधल्या खलाशाला घेऊन खेळ करायचा बेत होता, पण हक्क मिळाले नाहीत. मग त्यांनी स्वतःची पात्रं उभी केली: एक दांडगा वानर, त्यानं पळवलेली बाई आणि तिला सोडवायला निघालेला सुतार. खेळाचं नाव 'डाँकी काँग'. सुताराला धड नावही नव्हतं, नुसता 'जम्पमॅन'.

हा सुतार पडद्यावरच्या सोळा बाय सोळा घरांत, म्हणजे ठिपक्यांत, बसवायचा होता, तोही तीन रंगांत. ही काय कसरत असते ते मी घरात बघितलंय. माझे वडील वडगावात जकार्ड मागांसाठी साडीच्या काठाची नक्षी ग्राफ पेपरवर काढायचे. पेन्सिलीनं एक घर भरायचं, कागद हातभर लांब धरून बघायचं, पुन्हा खोडायचं. मोराची चोच एका घराची केली तर दिसत नाही आणि दोन घरांची केली तर पोपट होतो, असं म्हणायचे. मियामोतोंपुढे हाच पेच होता. तोंड काढायला जागा नाही, म्हणून मोठं नाक दिलं आणि खाली मिशी लावली. मिशी आली की तोंडाची गरजच उरत नाही. केस काढणं, उडी मारताना ते हलवणं जमेना, म्हणून टोपी. पळताना हात अंगापासून वेगळे दिसावेत म्हणून शर्ट एका रंगाचा, डांगरी दुसऱ्या रंगाची. नातवाला ग्राफ पेपरवर सोळा बाय सोळा घरं आखून द्या आणि त्यात हसऱ्या चेहऱ्याचा अख्खा माणूस काढायला सांगा. मिशीचं उत्तर त्याचं तोच देईल.

नावाचं म्हणाल, तर सिॲटलजवळ निन्टेन्डोनं भाड्यानं घेतलेल्या गोदामाचे मालक होते मारिओ सेगाले. तिथल्या मंडळींनी त्यांचंच नाव सुताराला दिलं. सेगाले २०१८ साली वारले. १९८३ च्या 'मारिओ ब्रदर्स'मध्ये सगळा खेळ जमिनीखालच्या पाइपांत गेला, म्हणून सुताराचा प्लंबर झाला. भाऊ लुइजी आला तोही त्याच खेळात, आणि तो म्हणजे मारिओचंच चित्र, फक्त रंग बदललेलं.

प्रश्न : माझ्या वर्गातली मुलं सुट्टीत मारिओशिवाय बोलत नाहीत. एका उड्या मारणाऱ्या बाहुल्याचं जगाला इतकं कौतुक का? त्यातून मुलं शिकतात तरी काय?
– एक शिक्षिका, खानापूर

उत्तर : बाई, १९८३ मध्ये अमेरिकेतला घरगुती व्हिडिओ गेमचा धंदा पार बसला होता. तो पुन्हा उभा राहिला त्यात १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'चा मोठा वाटा आहे. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकच्या समारोपाला जपानचे पंतप्रधान शिंझो आबे मारिओचा वेश करून आले होते. कौतुकाचं एवढं पुरे. तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो.

तो १९८५ चा खेळ जेमतेम ४० किलोबाइटचा. त्यातला ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, एकदा पांढरं आणि एकदा हिरवं. अशा काटकसरीत सूचना लिहायला जागा कुठली? पण त्याची पहिली पातळी बघा. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा, उजवीकडे सगळं मोकळं, म्हणजे जायचं कुठे ते कळलं. समोरून रागीट भुवयांचा एक प्राणी चालत येतो. त्याला धडकलं की मरण, म्हणून दुसऱ्या डावाला उडी आपोआप सुचते. वरच्या ठोकळ्याला डोकं लागलं की अळंबी बाहेर पडते, उजवीकडे घरंगळत जाते, पाइपला आपटते आणि आपल्याकडेच परत येते. डोक्यावर विटा असल्यामुळे तिला चुकवणं अवघड. ती लागते, मारिओ मोठा होतो, आणि अळंबी चांगली हे न सांगता समजतं. पुढे दोन जिने समोरासमोर येतात, मधे साधी जमीन. तिथे पडलं तर काही बिघडत नाही. लगेच तसेच दुसरे दोन जिने, पण आता मधे खड्डा. मियामोतो सांगतात की पहिली पातळी ते पुढच्या बऱ्याच पातळ्या करून झाल्यावर आखतात. आपण पहिलीचा पहिला पाठ इतका विचार करून आखतो का?

नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीत एकाच घरी टीव्ही गेम होता. कॅसेटला फुंकर मारायची आणि बसायचं. घरात कुणी मराठी बोलणारं, कुणी कन्नड, कुणी उर्दू, आणि पडद्यावरची चार इंग्रजी अक्षरं कुणालाच नीट वाचता यायची नाहीत. तरी कुणाचं अडलं नाही. जो पुढे गेला त्याच्याकडे बघून बाकीचे शिकले. आपल्या भागात घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी असलेली मुलं वर्गात गप्प बसून असतात, ती मला इथे आठवतात. त्यांना काही येत नाही असं नसतं. त्यांच्या पहिल्याच जिन्याखाली खड्डा असतो.

शाळेत प्रोजेक्टर असेल तर ही पातळी मुलांना दाखवा, आणि प्रत्येक ठिकाणी थांबवून विचारा, 'इथे काय करायचं हे तुला कशावरून कळलं?' सगळ्यात गप्प राहणाऱ्या मुलाला आधी विचारा, त्याला हव्या त्या भाषेत सांगू द्या. मुलं काय म्हणाली ते मला जरूर कळवा.