डोळ्यांपुढचे तरंगते ठिपके : सवय कशाची करायची, वाट कशाची पाहायची?

नेत्रारोग्य : वाचकांचे प्रश्न

डोळ्यांपुढे तरंगणारे ठिपके, धागे, जाळ्या यांविषयी, म्हणजे ज्यांना डॉक्टर ‘फ्लोटर्स’ म्हणतात त्यांविषयी, बरीच पत्रे साठली आहेत. त्यांतील तीन पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे.

प्रश्न : चार दिवसांपासून उजव्या डोळ्यापुढे राखाडी कड्यासारखे काहीतरी हलते आहे. रात्री दिवा मालवला की डोळ्याच्या बाहेरच्या कडेला वीज चमकल्यासारखे होते. दुखत नाही, वाचताही येते. गणपतीसाठी घरी पाहुणे आहेत. ते गेल्यावर डॉक्टरांकडे गेले तर चालेल का?
– निवृत्त शिक्षिका, वय 63, रत्नागिरी

उत्तर : चालणार नाही. छापील उत्तराची वाट पाहत बसण्यासारखा हा प्रश्न नव्हता, म्हणून पत्र मिळाले त्याच दिवशी संपादकांनी तुम्हाला दूरध्वनी केला. कारण मात्र इतर वाचकांनाही कळायला हवे.

डोळ्याच्या पोकळीत साधारण 4 मिलिलिटर पारदर्शक पदार्थ असतो. त्याला व्हिट्रियस म्हणतात. तो कच्च्या अंड्यातील पांढऱ्या बलकासारखा दाट असतो. त्यात सुमारे 98 टक्के पाणी आणि उरलेल्या भागात कोलॅजेनचे अतिसूक्ष्म तंतू व हायलुरॉनिक आम्ल असते. वयाबरोबर तो पातळ होत जातो आणि पन्नाशी-साठीनंतर बहुतेकांच्या डोळ्यांत कधीतरी मागच्या पडद्यापासून, म्हणजे दृष्टिपटलापासून, सुटा होतो. सुटताना पडदा ओढला गेला की अंधारातही चमक दिसते. डोळ्याची नस पडद्याला जिथे मिळते तिथे चिकटलेला त्याचा भाग सुटून आला की तो कड्यासारखा दिसतो. बहुतेकांच्या बाबतीत एवढ्यावर भागते. परंतु अशी लक्षणे नव्याने घेऊन येणाऱ्या दर दहा रुग्णांपैकी साधारण एकाच्या पडद्याला या ओढीने छेद गेलेला असतो. तो वेळेत सापडला तर त्याच्याभोवती लेझर देऊन, रुग्णालयात राहावे न लागता, धोका टाळता येतो. सापडला नाही आणि पातळ झालेला द्रव त्या छेदातून पडद्यामागे शिरला, तर पडदा सरकतो. मग मोठी शस्त्रक्रिया करावी लागते आणि गेलेली दृष्टी पूर्णपणे परत येईलच असे सांगता येत नाही.

म्हणून अचानक आलेले नवे ठिपके, चमक, किंवा एका बाजूने सावली सरकत येणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, पडदा तपासून घ्यावा. दुखत नाही म्हणून निश्चिंत राहू नये, कारण पडद्याला वेदना होतच नाहीत. तपासणीत थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि पडद्याच्या पार कडेपर्यंत पाहतात. त्यानंतर काही तास धूसर दिसते, तेव्हा स्वतः दुचाकी चालवत जाऊ नका, कोणाला तरी सोबत घ्या. पहिल्या तपासणीत छेद नसला तरी चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा दाखवणे आवश्यक असते.

प्रश्न : मी यंत्रभागांचे संगणकीय आराखडे काढतो. दोन्ही डोळ्यांचा नंबर मायनस 7 आहे. गेली तीन वर्षे डोळ्यांपुढे धागे आणि पारदर्शक जंतूंसारखे काहीतरी फिरते. आराखड्यातील बारीक रेघ आणि हा धागा यांत गोंधळ होतो. तीन डॉक्टरांनी पडदा तपासून ‘डोळे उत्तम आहेत, सवय करा’ असे सांगितले. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. मला झोप लागत नाही. यावर लेझर किंवा शस्त्रक्रिया करावी का? नवीन उपचार येत आहेत असे वाचतो, ते खरे आहे का?
– वाचक, वय 34, चिंचवड

उत्तर : पहिली गोष्ट ही की हे मनाचे खेळ नाहीत. तुमच्या डोळ्यात कोलॅजेनच्या तंतूंच्या गुठळ्या खरोखरच आहेत आणि त्यांची सावली पडद्यावर पडते, ती तुम्ही पाहता. चष्म्याचा मोठा मायनस नंबर असलेल्यांत, म्हणजे लांबट डोळ्यांत, व्हिट्रियस लवकर पातळ होतो, म्हणून तुम्हाला हे तिशीतच भोगावे लागते आहे. वाचताना नजर ओळीवरून सरकली की धागा मागून ओढला जातो, नजर थांबली तरी तो क्षणभर पुढे जातो आणि मग हळूहळू खाली उतरतो. ज्याला दिवसभर पांढऱ्या पृष्ठभागावर रेघा पाहायच्या आहेत त्याच्यासाठी हा त्रास किरकोळ नाही.

मग डॉक्टर ‘उत्तम’ कसे म्हणतात? कारण दवाखान्यातील तक्त्यावर पांढऱ्यावर ठळक काळी अक्षरे असतात. ती वाचता आली की 6/6 लिहिले जाते. फिकट राखाडीवरचे राखाडी ओळखण्याची क्षमता हा तक्ता मोजत नाही, आणि त्रासदायक फ्लोटर्स घाला घालतात तो नेमका तिच्यावरच. कॅलिफोर्नियातील नेत्रतज्ज्ञ जेरी सेबाग यांनी या क्षमतेच्या चाचण्या करून दाखवले की अशा रुग्णांत ती लक्षणीयरीत्या घटलेली असते. सिंगापूरमध्ये 311 रुग्णांना विचारण्यात आले होते की हा त्रास जाणार असेल तर उरलेल्या आयुष्यातील किती काळ द्याल. दर दहा वर्षांमागे सरासरी 1.1 वर्षे द्यायची त्यांची तयारी होती. हा अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला, आणि तरीही ‘सवय करा’ एवढ्या दोन शब्दांत रुग्णाची बोळवण होते याचे मला मनापासून वाईट वाटते. सवय होते हे खरे आहे. बहुतेकांचा मेंदू काही महिन्यांत या सावल्यांकडे काणाडोळा करायला शिकतो. पण ज्यांना होत नाही, त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून मोजमाप करणे हे आम्हा डॉक्टरांचे काम आहे. पुढच्या भेटीत तुम्ही कॉन्ट्रास्ट सेन्सिटिव्हिटीची, म्हणजे राखाडीवरचे राखाडी ओळखण्याच्या याच क्षमतेची, चाचणी आणि डोळ्याची सोनोग्राफी यांची आपणहून चौकशी करावी. सोनोग्राफीत व्हिट्रियसमधील दाट भाग दिसतात आणि पुढे तुलना करण्यासाठी हाती नोंद राहते.

आता लेझर. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर भिंगामागे येणारी जाळी ज्या याग लेझरने काढतात, तोच गुठळ्या फोडण्यासाठीही वापरला जातो. बोस्टनमधील एका काटेकोर चाचणीत, जी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली, 52 रुग्ण होते. खरा लेझर मिळालेल्या 36 जणांपैकी 19 जणांनी सहा महिन्यांनी बराच किंवा पूर्ण आराम पडल्याचे सांगितले. नुसता देखावा केलेल्या 16 जणांपैकी तसे कोणीही म्हटले नाही. हे आशादायक आहे, परंतु त्या चाचणीत उतारवयातील, पडद्यापासून सुटून आलेले एकच ठळक कडे असलेले रुग्ण घेतले होते. तुमच्या वयात धागे बहुधा पडद्याच्या अगदी जवळ आणि विखुरलेले असतात, तिथे हा लेझर मारणे सुरक्षित नाही. जो कोणी तुम्हाला न तपासता दूरध्वनीवरच ‘दोन बैठकांत साफ’ असे आश्वासन देईल, त्याच्याकडे जाऊ नका.

शस्त्रक्रियेचे नाव व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे डोळ्यातील व्हिट्रियस काढून टाकणे. मायामीत नेत्रशल्यचिकित्सक रॉबर्ट माखेमर यांनी 1970 मध्ये आजच्या पद्धतीची पहिली व्हिट्रेक्टॉमी केली. आता 0.4 ते 0.5 मिलिमीटर जाडीच्या उपकरणांनी, बहुतेकदा टाका न घालता, ती होते. फ्लोटर्सवर आज उपलब्ध असलेला सर्वांत खात्रीचा उपाय हाच आहे, आणि योग्य रुग्णांत समाधानही मोठे असते. मात्र किंमत स्पष्ट सांगायला हवी. पन्नाशीनंतर ही शस्त्रक्रिया झालेल्या बहुतेकांना दोनेक वर्षांत मोतीबिंदू होतो. शंभरातील काहींचा पडदा सरकतो, आणि मायनस 7 नंबरच्या डोळ्यात तो धोका मुळातच अधिक असतो. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर डोळा गमावण्याची वेळ येऊ शकते. तुम्ही 34 वर्षांचे आहात. मोतीबिंदू लवकर झाला आणि भिंग बदलावे लागले, तर जवळचे-दूरचे आपोआप जुळवून घेण्याची डोळ्याची शक्ती जाते. काही शल्यचिकित्सक भिंगामागचा थोडा व्हिट्रियस मुद्दाम शिल्लक ठेवून मोतीबिंदूचा धोका कमी करतात. माझे मत विचाराल तर, तुमच्या बाबतीत आज मी शस्त्रक्रिया सुचवणार नाही. तुमच्या चाचण्यांत दोष ठळक निघाला, काम सोडण्याची वेळ आली, आणि दोन स्वतंत्र रेटिना (पडदा) तज्ज्ञांचे एकमत झाले, तर मात्र ती अविचाराची ठरणार नाही.

तुम्ही वाचता त्या नव्या उपचारांमागे खरे संशोधन आहे, आणि मला त्यांच्याविषयी खरोखर आशा वाटते. बेल्जियममधील गेंट विद्यापीठातील संशोधकांनी 2019 मध्ये एक निराळी वाट दाखवली. हायलुरॉनिक आम्लाचे आवरण दिलेले सोन्याचे नॅनोकण कोलॅजेनच्या तंतूंना चिकटतात, त्यांच्यावर लेझरचा क्षणार्धाचा स्पंद पडला की कणाभोवती वाफेचा सूक्ष्म बुडबुडा तयार होऊन फुटतो आणि त्या धक्क्याने तंतू तुटतो. याग लेझरपेक्षा फारच कमी ऊर्जा त्यासाठी पुरते. शस्त्रक्रियेत रुग्णांच्या डोळ्यांतून काढलेल्या गुठळ्यांवर त्यांनी हे प्रयोगशाळेत करून पाहिले. पुढे सोन्याऐवजी इंडोसायनिन ग्रीन हा, पडद्याच्या तपासण्यांत आधीपासून वापरात असलेला रंग घेऊन त्यांनी काम चालू ठेवले. दुसरी वाट कॅनडातील एडमंटनच्या पल्समेडिका कंपनीची आहे. चष्म्याचा नंबर घालवण्याच्या शस्त्रक्रियेत ज्या जातीचा अतिजलद फेम्टोसेकंद लेझर वापरतात, त्याला डोळ्याच्या त्रिमितीय चित्रणाची जोड देऊन, पडद्यापासून गुठळीचे अंतर नेमके मोजत ती फोडायची, अशी ही कल्पना आहे. तुमच्यासारख्या, पडद्यालगत धागे असलेल्या तरुण रुग्णांच्या दृष्टीने मला हीच दिशा अधिक महत्त्वाची वाटते. यांतील कोणताही उपचार अजून नेहमीच्या दवाखान्यात मिळत नाही. कोणी तो मिळतो असे सांगून पैसे मागत असेल तर ती फसवणूक समजा. नियमबद्ध चाचणी आपल्या देशात होत असेल तर तिची नोंद भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत असणे बंधनकारक आहे, आणि ती कोणालाही संगणकावर पाहता येते. अशा चाचणीत उपचारासाठी रुग्णाकडून शुल्क मागितले जात असेल, तर तिथेच थांबून प्रश्न विचारावेत.

दरम्यान काम तर करायचेच आहे. आराखड्याची पार्श्वभूमी पांढरी असेल तर ती काळी किंवा गडद राखाडी करा, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय असते. अक्षरी कामासाठीही संगणकाचा पडदा गडद ठेवा आणि उजेड थोडा कमी करा. टेबलावर एकच प्रखर दिवा असेल तर त्याऐवजी खोलीभर पसरणारा उजेड बरा. प्रखर उजेडात बाहुली लहान होते आणि बाहुली जितकी लहान तितकी सावली धारदार पडते, म्हणूनच निरभ्र आकाशाकडे पाहिले की ठिपके उठून दिसतात. बाहेर पडताना गडद काचेचा चष्मा घाला. धागा अगदी मध्यावर आला तर नजर वर-खाली फिरवून तो तात्पुरता बाजूला जातो. रोज सकाळी भिंतीकडे पाहून ठिपके मोजण्याचा परिपाठ पडला असेल तर तो निश्चयाने मोडा, कारण त्यामुळे मेंदूला दुर्लक्ष करायला वाव राहत नाही. बाहुली किंचित मोठी ठेवणारे सौम्य अ‍ॅट्रोपिनचे थेंब काही जण वापरतात. त्यांनी उजेड सहन न होणे आणि जवळचे धूसर दिसणे हे त्रास होऊ शकतात, तेव्हा ते आपल्या मनाने सुरू करू नयेत.

झोप लागत नाही हे तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिले आहे, पण मी ते सर्वांत आधी वाचले. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणे म्हणजे ठिपके काल्पनिक आहेत असे कबूल करणे नव्हे. निद्रानाश आणि चिंता आटोक्यात आल्या की तेच ठिपके कमी सतावतात, हे मी रुग्णांमध्ये पुन्हा पुन्हा पाहिले आहे. घरच्यांना एकदा तपासणीच्या वेळी सोबत आणा आणि सोनोग्राफी चालू असताना त्यांना ती यंत्राच्या पडद्यावर पाहू द्या.

प्रश्न : तीन महिने रोज अननस खाल्ला की फ्लोटर्स विरघळतात, असा संदेश मोबाईलवर फिरतो आहे. मला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. खावा का? बाजारातील गोळ्यांचा उपयोग होतो का?
– वाचक, वय 58, मडगाव

उत्तर : फ्लोटर्ससाठी म्हणून खाऊ नका. या संदेशाचे मूळ तैवानमधून 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे, पण उपचार म्हणून शिफारस करावी इतका भक्कम पुरावा त्यातून मिळत नाही. मधुमेह असताना तीन महिने रोज अननस खाण्याने साखरेचे गणित मात्र बिघडू शकेल.

गोळ्यांबाबत आयर्लंडमधील वॉटरफर्ड येथे 61 रुग्णांवर सहा महिन्यांची एक चाचणी झाली. लायसिन, द्राक्षबियांचा अर्क, क जीवनसत्त्व, जस्त इत्यादींचे मिश्रण घेणाऱ्यांचा त्रास कमी झाल्याचे तिच्यात नोंदले गेले. चाचणी लहान आहे. तिच्या भरवशावर प्रत्येक गोळीचा दावा खरा मानता येणार नाही.

तुमच्या बाबतीत याहून महत्त्वाचा प्रश्न असा आहे की हे ठिपके कोलॅजेनचे आहेत की रक्ताचे. मधुमेहात पडद्यावर नाजूक, नव्या रक्तवाहिन्या तयार होऊ शकतात आणि त्यांतून व्हिट्रियसमध्ये रक्त उतरले की तेही सुरुवातीला काळे ठिपके, काजळीचे कण किंवा लालसर धूसरपणा असेच दिसते. ते फळाने जात नाही. त्यावर लेझर, डोळ्यातील इंजेक्शन किंवा शस्त्रक्रिया असे सिद्ध उपचार आहेत आणि ते जितके लवकर सुरू होतील तितकी दृष्टी अधिक वाचते. शेवटची पडदा-तपासणी कधी झाली हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही. वर्ष उलटून गेले असेल, किंवा ठिपके गेल्या काही दिवसांतच आले असतील, तर या आठवड्यातच थेंब घालून दोन्ही डोळ्यांचा पडदा तपासून घ्या आणि जाताना साखरेच्या तीन महिन्यांच्या सरासरीचा ताजा अहवाल सोबत न्या.