शब्दांची उलटतपासणी : गॅलिक की आयरिश?

प्रश्न : वकीलसाहेब, माझी मुलगी नोकरीसाठी आयर्लंडमध्ये गॉलवेला असते. तिच्या घरमालकीणबाई कॉनेमाराकडच्या. ‘तुमची गॅलिक कानाला गोड लागते,’ असं मुलगी म्हणाली, तर बाईंनी लगेच दुरुस्त केलं, ‘गॅलिक नाही, आयरिश!’ मग त्यांनी दहापर्यंत आकडे म्हणून दाखवले. त्यातले ‘त्री, शे, शाख्त, ओख्त’ ऐकून ही थक्क. ही मंडळी आपली कोणी लागतात का? आणि केल्टिक म्हणजे नेमके कोण?
— एक वाचक, मिरज

उत्तर : घरमालकीणबाईंचं बरोबर आहे. इंग्रजीत बोलताना तिकडे ‘आयरिश’च म्हणतात, नुसतं ‘गॅलिक’ म्हटलं की स्कॉटलंडची भाषा समजली जाते. दोघी सख्ख्या बहिणी. तिसरी आइल ऑफ मॅनची, म्हणजे आयर्लंड आणि ब्रिटनमधल्या समुद्रातल्या बेटाची मँक्स. ती जन्मभाषा म्हणून बोलणारे शेवटचे गृहस्थ, नेड मॅड्रेल, १९७४ साली गेले. पुढे लोकांनी ती मुद्दाम शिकून पुन्हा बोलती केली.

गंमत ‘गेल’ या नावाची आहे, म्हणजे ज्यावरून ‘गॅलिक’ शब्द आला त्या या भाषा बोलणाऱ्या लोकांच्या नावाची. ते मूळचं आयरिश नव्हेच. समुद्रापलीकडच्या वेल्श लोकांनी यांना जो शब्द लावला, त्याचा अर्थ बहुधा ‘रानटी’ असा होता. शेजाऱ्यांनी नावं ठेवली आणि यांनी तेच नाव लावून घेतलं! ‘केल्ट’चंही तसंच. ग्रीकांनी आणि सीझरने हा शब्द युरोपच्या मुख्य भूमीवरच्या लोकांसाठी वापरला. जुन्या आयरिश लिखाणात कोणी स्वतःला केल्ट म्हणवत नाही. १७०७ साली ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयाचे एडवर्ड ल्वीड यांनी आयरिश, वेल्श, कॉर्निश (इंग्लंडच्या कॉर्नवॉलची) आणि ब्रेटन (फ्रान्सच्या ब्रिटनीची) या भाषा शेजारी मांडून त्यांचं प्राचीन गॉलच्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सच्या, भाषेशी नातं दाखवलं, तिथून हे आडनाव या कुटुंबाला चिकटलं. म्हणून माझं मत विचाराल तर केल्टिकपण भाषेत शोधावं, रक्तात नाही. (उच्चार ‘केल्टिक’. ‘सेल्टिक’ हा ग्लासगोचा फुटबॉल क्लब.)

आता आपलं नातं. आयरिश आणि संस्कृत दोन्ही इंडो-युरोपीय, म्हणून मराठीही लांबची चुलत बहीण. ओळख पटत नाही, कारण केल्टिक शाखेने फार जुन्या काळी ‘प’ गिळून टाकला. आपला ‘पितृ’ तिथे ‘आहिर’ झाला, ‘पूर्ण’चा ‘लान’ झाला. नंतर घरात फूट पडली. मूळच्या एका ‘क्व’ ध्वनीचा गेल शाखेने ‘क’ केला, वेल्श शाखेने ‘प’. मुलाला आयरिशमध्ये ‘मॅक’, जुन्या वेल्शमध्ये ‘मॅप’. म्हणून इकडे मॅकडोनल्ड आणि तिकडे प्राइस, म्हणजे ‘अप ऱ्हीस’, ऱ्हीसचा मुलगा. चारला आयरिश ‘काहिर’, वेल्श ‘पेडवार’. त्याच ध्वनीचा आपल्याकडे ‘च’ झाला, म्हणून ‘चत्वारः’ आणि ‘चार’.

आणि एक साक्षीदार माझ्याच पेशातला. इझमेंट अ‍ॅक्टच्या १५व्या कलमावर, शेताच्या वाटेच्या वहिवाटीसाठी, मी निम्मी वकिली घालवली. हा १८८२चा कायदा रचणारे व्हिटली स्टोक्स हे डब्लिनचे. १८७७ ते १८८२ व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य. मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याच्या मसुद्यावरही त्यांचा हात फिरलेला. तेच स्टोक्स जुन्या आयरिशचे नामांकित पंडित निघाले, हे मला निवृत्तीनंतर कळलं. कॉर्मकचा कोश हा मध्ययुगीन आयरिश शब्दकोश त्यांनी संपादून १८६८ साली छापून घेतला, तोही डब्लिनला नाही, कलकत्त्याला.

मुलीला म्हणावं, पुढच्या वेळी बाईंना ‘घोडा’ विचार. जुन्या आयरिशमध्ये तो ‘एख’ होता. संस्कृतातला ‘अश्व’ त्याचाच भाऊबंद.