59,05,90,590 ही मूळ संख्या आहे का? तिचे अवयव कोणते?

नाही. शेवटी शून्य आहे, म्हणजे 2 आणि 5 ने भाग जाणारच. पण गंमत पुढे आहे.

बेळगाव शहराचा पिनकोड 590 पासून सुरू होतो, तेच तीन आकडे इथे तीनदा लिहिलेत. म्हणून ही संख्या 590 × 10,01,001 अशी सुटते. 590 = 2 × 5 × 59. आणि 10,01,001 = 3 × 3,33,667. हा 3,33,667 मात्र मूळ आहे. हाताने तपासायचं तर 577 पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं, अर्धी वही जाते.

तर अवयव झाले 2, 3, 5, 59 आणि 3,33,667. प्रत्येक एकदाच येतो, त्यामुळे पूर्ण वर्ग नाही, आणि एकूण विभाजक 2×2×2×2×2 = 32. स्वतःला सोडून बाकीच्यांची बेरीज 85,08,55,170, म्हणजे संख्येहून मोठीच.

तीनऐवजी दोनदाच लिहून बघा: 5,90,590 = 590 × 1001, आणि 1001 = 7 × 11 × 13. तिला 7, 11, 13 तिन्हींनी भाग जातो. तीनदा लिहिलेल्या संख्येला एकानेही नाही.

जाता जाता, आपण 59 ला एकोणसाठ म्हणतो, साठाला एक कमी. शेजारचा कन्नड दुकानदार ऐवत्तोंबत्तु म्हणतो, सरळ पन्नास आणि नऊ. आमच्याकडच्या पोरांना दोन्ही येतं, आणि पाढे म्हणताना दोन्हींची खिचडी होते.