आधी खो, मग वाटी, मग पाटी

अनेक आशीर्वाद.

वस्तीतल्या मुलांसाठी शाळेनंतर जो वर्ग काढतो आहेस, त्याचं तुझं वेळापत्रक पाहिलं. आधी अभ्यास, मग खो-खो, शेवटी खाऊ. हा क्रम बदल. अभ्यास आधी ठेवलास तर दिवसभर बाकावर बसून आलेली पोरं बरोबर खेळाच्या वेळेला उगवतील, आणि खाऊ शेवटी ठेवलास तर वाटी चाटून थेट घर गाठतील. आधी खेळ, मग वाटी, मग पाटी. फक्त मैदानात उतरण्यापूर्वी मूठभर फुटाणे आणि गुळाचा खडा दे. शाळेतली खिचडी दुपारीच जिरलेली असते, रिकाम्या पोटी पळताना भोवळ येते. पण भरपेट नको, पळताना कुशीत कळ निघते.

खो-खोचं अधिकृत मैदान 27 बाय 16 मीटरचं. वस्तीत एवढी जागा मिळणार नाही. असेल त्या जागेत फक्कीने चौकोन आख, बसणारे आठाऐवजी सहा ठेव. खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांनी ओळीने वाकून काचा-खडे वेचायचे, मग पाणी शिंपडायचं. पोरं अनवाणीच खेळतात. कोणी बूट देऊ केले तर आधी मापं विचार; ढगळ बुटात घोटा मुरगळतो. अनवाणी पायांतून अंकुशकृमी नावाचे जंतही शिरतात, म्हणून फेब्रुवारी आणि ऑगस्टमधली शाळेतली जंतनाशक गोळी कोणाची चुकली, याची यादी ठेव. हुकलेल्यांसाठी नंतर पुन्हा एक दिवस असतो.

खाऊचं नीट सांगतो. तीस मुलांना 1200 ग्रॅम कोरडी मटकी पुरते, म्हणजे डोईला 40 ग्रॅम. त्यात साधारण 9 ग्रॅम प्रथिनं. आदल्या रात्री भिजव, सकाळी पाणी पूर्ण निथळू दे आणि मगच ओलसर फडक्यात सैल बांध. घाईत पाण्यासकट आवळून बांधली की उन्हाळ्यात दुपारपर्यंत बुळबुळीत होऊन वास मारते. अशी मटकी धुऊन वापरायचा मोह टाळ, सरळ टाकून दे आणि त्या दिवशी शेंगदाणा-गूळ वाट. (खवट किंवा काळपट दाणे आधी निवडून काढ, शेंगदाण्याने कोणाला त्रास होतो का, हे पहिल्याच दिवशी आयांना विचारून ठेव.) उसळ गॅसवरून उतरल्यावर आठ-दहा लिंबं पिळ. लिंबाने लोह अंगी लागतं, चहाने अडतं. म्हणून खाण्याच्या तासभर आधी-नंतर चहा नको, एवढं घरी समजावून सांग. अंडी देणार असशील तर आधी घरोघरी विचार, आणि श्रावण विसरू नकोस. हात धुवायला साबणाची वडी जाळीच्या पिशवीत घालून नळालाच बांध, नाहीतर दोन दिवसांत गायब होते.

आता पाटी. इयत्तेप्रमाणे बसवू नकोस. प्रत्येकाला एकट्याला बाजूला घेऊन पाच मिनिटं वाचायला लाव: अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट. जिथे अडेल तो त्याचा गट. सहावीतला मुलगा ‘सूर्य’पाशी अडखळून शब्दांच्या गटात आला तर त्याला तिसरीतल्यांसमोर लाजवू नकोस, गटाला टोपणनाव दे. गणित मैदानावरूनच आण. एक पळणारा 2 मिनिटं 10 सेकंद टिकला, दुसरा 1 मिनिट 35 सेकंद; फरक किती? निम्मी मुलं 210 मधून 135 वजा करून 75 लिहितील. इथे हातचा शंभराचा नाही, साठाचा, हे घड्याळ हातात देऊनच कळतं. उत्तर 35 सेकंद.

मुलींचं मात्र वेगळं. बारा-तेरा वर्षांच्या झाल्या की गळायला लागतात, आणि आपण ‘घरच्यांचा विरोध’ म्हणून मोकळे होतो. बहुतेक वेळा कारण साधं असतं: त्याच वेळेला नळाला पाणी येतं, किंवा धाकटं भावंड कडेवर असतं. नळाची वेळ विचारून खेळाची वेळ ठरव. भावंडाला येऊ दे, कोपऱ्यात सतरंजी टाक, त्यालाही वाटी दे. मटकी पाव किलो जास्त भिजव. जवळ वापरण्याजोगं स्वच्छतागृह नसेल तर पाळीच्या दिवसांत मुली येणार नाहीत, तेव्हा जागा ठरवतानाच ते बघ. दिवेलागणीआधी त्यांना घोळक्याने घरी सोड, सोबत वस्तीतलीच एखादी बाई असू दे.

हजेरी खेळाची वेगळी आणि पाटीची वेगळी मांड. महिनाभराने दोन्ही वह्या पाठव. खेळायला आलेली आणि पाटीला न बसलेली नावं आधी बघू.