तूप, साखर आणि अंगातली शिल्लक

चमचाभर तुपात ४५ कॅलरी आणि चमचाभर साखरेत २०. दोन्ही पाच-पाच ग्रॅम, मग एवढा फरक कशाने?

जळणावरून बघा. अन्न शरीरात 'जळतं' म्हणजे त्यातल्या कार्बन आणि हायड्रोजनचा ऑक्सिजनशी संयोग होतो आणि ऊर्जा सुटते. साखरेतल्या ग्लुकोजच्या रेणूत ६ कार्बन आणि ६ ऑक्सिजन असतात. म्हणजे पोटात जाण्याआधीच ते थोडंफार जळून चुकलेलं असतं. तुपातल्या पामिटिक आम्लात १६ कार्बनमागे ऑक्सिजन फक्त २, बाकी हायड्रोजनच हायड्रोजन. जळायचं जवळजवळ सगळं शिल्लक. लाकूडही बरंचसं ग्लुकोजच्याच साखळ्यांचं असतं. म्हणून किलोभर लाकडापेक्षा किलोभर रॉकेल दुपटीहून जास्त उष्णता देतं.

आणि हो, तूप, गोडेतेल, ऑलिव्ह तेल, काहीही घ्या, ग्रॅमला ९ कॅलरी. 'हलकं तेल' या शब्दावर कृपा करून विसंबू नका.

प्रथिनांच्या ग्रॅमला ४ च का?

प्रथिनं शरीरात पूर्ण जळत नाहीत. त्यांच्यातला नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे जातो आणि थोडी ऊर्जा सोबत घेऊन जातो.

भात-पोळी कमी केल्यावर पहिल्या आठवड्यात अडीच किलो उतरले. आता महिना झाला, काटा जेमतेम हलतोय. माझं काय चुकतंय?

काहीच चुकत नाहीये, ताई. पहिल्या आठवड्यात गेलं ते मुख्यतः पाणी. यकृत आणि स्नायू मिळून साधारण अर्धा किलो ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोजच्या साखळ्यांचा साठा, बाळगतात, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमला सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून असतं. साठा संपला की पाणीही जातं. चरबी पाण्याला जवळ करत नाही, कोरडीच साठते. अंगावरच्या किलोभर चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. अशा १० किलो चरबीतली ऊर्जा ग्लायकोजेनच्या रूपात बाळगायची तर पाण्यासकट ७५ किलोंहून जास्त ओझं होईल! रोज ५०० कॅलरी कमी खाल्ल्या तरी एक किलो चरबी जायला पंधरा दिवस लागतात. तुमचा हळू उतरणारा काटाच खरं सांगतोय. सोडू नका.

मग शरीर सगळंच चरबीत का साठवत नाही?

चरबी मुदत ठेवीसारखी आहे, लगेच हाती येत नाही. सुटलेल्या बसमागे धावताना स्नायूंना ऊर्जा तत्काळ हवी असते. ग्लायकोजेन ऑक्सिजन अपुरा असतानाही ती देतं, चरबीला ते जमत नाही. शिवाय मेंदू चरबीतल्या फॅटी आम्लांवर चालत नाही आणि त्यांच्यापासून ग्लुकोजही बनत नाही. म्हणून खिशात थोडी रोकड ठेवावीच लागते.

मुलगा विचारतो, उंटाच्या वशिंडात पाणी असतं का?

नाही, चरबी असते. त्याला एका पक्ष्याचीही गोष्ट सांगा. २०२२ मध्ये बार-टेल्ड गॉडविट जातीचं जेमतेम पाच महिन्यांचं पिल्लू अलास्काहून निघालं आणि ११ दिवस कुठेही न उतरता १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियाला पोहोचलं. वाटेत खाणं नाही, पिणं नाही. निघताना या पक्ष्यांचं जवळपास निम्मं वजन चरबीचंच असतं. तीच ऊर्जा ग्लायकोजेनमध्ये भरली असती, तर त्याला जमिनीवरून उठताही आलं नसतं.