डायक्रोमेटचे चार आकडे

प्रश्न : चिंचोळी एमआयडीसीत औषध कारखान्याच्या क्यूसीमध्ये (गुणवत्ता तपासणीत) आहे. द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या यूव्ही मशीनच्या कॅलिब्रेशनला (अचूकतेच्या तपासणीला) डायक्रोमेट या नारिंगी पावडरच्या द्रावणाचं रीडिंग 235 ला 121.5, 257 ला 141.0, 313 ला 47.4 आणि 350 नॅनोमीटरला 104.7 आलं. एक पास, तीन फेल. इंजिनिअर आठ दिवसांनी येणार. तोवर काय करू?

उत्तर : इंजिनिअरला फोन करण्याआधी अपेक्षित आकडे शेजारी मांडा : 124.5, 144.5, 48.6, 107.3. तुमचे चारही सारख्याच प्रमाणात, जवळपास 2.4 टक्क्यांनी कमी आहेत. 313 पास झालं ते तिथली मर्यादा सैल आहे म्हणून. मशीन सहसा असं चुकत नाही. 257 आणि 350 ही शोषणाची शिखरं, 235 आणि 313 या दऱ्या. मशीनची वेव्हलेंथ (तरंगलांबी) सरकली असती तर शिखरं खाली आली असती आणि दऱ्या वर गेल्या असत्या. सगळेच एका मापाने उतरले की आधी वजनाकडे बघायचं.

द्रावणासाठी पावडर साधारण 60 मिलिग्रॅम तोलतात. त्याचे 2.4 टक्के म्हणजे दीड मिलिग्रॅमसुद्धा नाही. पावडर ज्यावर तोलली तो बटर पेपर उजेडात धरा, नारिंगी कण चिकटलेले दिसतील. उन्हाळ्यावर ढकलू नका. पाणी 20 वरून 40 अंशांवर गेलं तरी आकारमान जेमतेम 0.6 टक्का वाढतं. 130 अंशांवर वाळवलेली पावडर घ्या, ओतल्यावर पेपर पुन्हा तोला आणि फरक हेच वजन धरा. तरी तेच आलं, तर क्युवेट (मशीनमध्ये द्रावण ठेवायची पारदर्शक कुपी) बदलून बघा. मग फोन.

प्रश्न : साखर कारखान्यात केमिस्ट आहे. आमच्याकडे साखरेचा रंग 90 इकुम्सा (रंग मोजायचं एकक, आकडा कमी तितकी साखर पांढरी), व्यापाऱ्याच्या लॅबमध्ये 105. मशीन तर रोज सुरू होताना ‘ओके’ दाखवतं.

उत्तर : ते ‘ओके’ म्हणजे मशीनने स्वतःच स्वतःला दिलेले मार्क. साखरेचा रंग 420 नॅनोमीटरला मोजतात आणि तिथे शिखर नाही, नुसता उतार आहे. वेव्हलेंथ तपासायला वापरतात त्या होल्मियमच्या द्रावणाचं एक शिखर 416.3 ला, अगदी शेजारीच आहे. ते तुमच्या पडद्यावर 413 ला दिसलं, तर तुमचं 420 प्रत्यक्षात 423 आहे. तिथे शोषण कमी, म्हणून साखर आहे त्यापेक्षा पांढरी निघते. होल्मियमची काच वापरत असाल तर तिचे आकडे द्रावणापेक्षा थोडे वेगळे असतात. तिच्या सर्टिफिकेटवरचेच घ्या. शिखर जागेवर असेल तर मात्र व्यापाऱ्याच्या लॅबला विचारा, द्रावण नीट गाळलं होतं का. गढूळपणाही रंग म्हणूनच मोजला जातो.

प्रश्न : अक्कलकोट रोडला टॉवेलचं डाईंग आहे. शेड मॅचिंगच्या (रंगछटा जुळवायच्या) मशीनची कॅलिब्रेशनची पांढरी टाइल कशाने पुसावी?

उत्तर : सौम्य साबणाचं पाणी आणि तंतू न सोडणारं कापड. हाताशी पडलेला टॉवेल नको, त्याचा रोवा टाइलवर बसतो. आणि ड्रायरमधून काढलेला गरम नमुना लगेच लावू नका, गार होऊ द्या. गरमपणी काही लाल-नारिंगी शेड वेगळ्याच दिसतात.