पासवर्ड आधी त्याच्या हातात द्या

(इंदूरचे एक वडील लिहितात: मुलाची जेईई मेनची रँक आली. आता जोसाची, म्हणजे आयआयटी-एनआयटींच्या केंद्रीय प्रवेशाची, पसंतीयादी भरायची आहे. ३ वर्षांच्या क्लोजिंग रँक मी वहीत उतरवल्यात. नक्की मिळेल त्याला हिरवी खूण, कदाचितला पिवळी, अशक्यला लाल. हिरव्या खुणांची कॉलेजं वर घेतली आहेत. पासवर्ड माझ्याकडेच असतो, तो म्हणतो तुम्हीच बघा. ग्वाल्हेर की भोपाळ, शक्यता कितपत वाटते?)

भाऊ, तुमचं पत्र पहिल्यांदा वाचताना पासवर्डचं वाक्य माझ्याही नजरेतून सुटलं. दुसऱ्यांदा मात्र तिथेच अडले.

१८ वर्षांचा मुलगा. भंवरकुआंला क्लासच्या खेपा घालून रँक त्याने मिळवली, आणि पुढची ४ वर्षं कुठे काढायची त्याची किल्ली तुमच्या खिशात! ‘तुम्हीच बघा’ हा तुम्हाला त्याचा समजूतदारपणा वाटला. मला नाही वाटत. सांगूनही आपलं चालत नाही हे कळलेली मुलं असं बोलतात. मी बोलले होते. माझा कॉलेजचा फॉर्म थोरल्या भावाने भरला, अगदी प्रेमाने भरला. बीएस्सीची ३ वर्षं मी प्रॅक्टिकलच्या टेबलाशी उभी राहून घड्याळ बघत काढली. रागवायची सोयही नव्हती, कारण ‘तूच बघ’ असं मीच म्हटलं होतं.

तुमच्या पत्रात ३ रंग आहेत, पण त्याला काय शिकायचंय याबद्दल एक अक्षर नाही.

आता शक्यतेचं. क्लोजिंग रँक ही कॉलेजने आखलेली रेघ नव्हे, गेल्या वर्षी त्या शाखेत शेवटी शिरलेल्या मुलाचा तो नंबर. मुलांची पसंती बदलली, जागा वाढल्या की तो हलतो. शिवाय भोपाळच्या मॅनिटला निम्म्या जागा मध्य प्रदेशातून बारावी झालेल्यांना आहेत, ग्वाल्हेरच्या ट्रिपल आयटीएमला तसा कोटा नाही. तुम्ही दोन्हींचे आकडे एकाच रकान्यात धरलेत. पण ही चूक लहान.

मोठी चूक म्हणजे हिरवं वर घेणं. यादी वरून खाली पाहिली जाते आणि त्याच्या रँकला बसणारी पहिली जागा त्याच्या नावावर पडते. पुढच्या फेरीत फ्लोट केलंत, म्हणजे मिळालेली जागा राखून आणखी चांगलीची वाट पाहिलीत, तरी सरकायचं ते यादीत वरच. खाली लिहिलेलं लाल-पिवळं रिकामं राहिलं तरी त्याला मिळणार नाही. उलट आवडीचं वर लिहिलं म्हणून खालच्याची संधी कणभरही घटत नाही. म्हणजे क्रम लावायला शक्यता लागतच नाही. लागते ती आवड, आणि ती तुमच्या वहीत कुठून सापडणार?

तेव्हा आज संध्याकाळी पासवर्ड त्याला द्या. वहीही द्या, मेहनत केलीत, त्याला कामाला येईल. आणि खोलीबाहेर या. चुकला तर चुकू दे, लॉक होईपर्यंत यादी हवी तितक्यांदा बदलता येते. तुमच्या इंदूरच्या एसजीएसआयटीएस कॉलेजसाठी राज्याचं काउन्सेलिंग वेगळं आहेच, तेही त्यालाच भरू दे.

रात्री तो येऊन विचारेल, ‘‘बाबा, हे पहिलं ठेवू?’’ तेव्हा ‘‘मिळेल का रे?’’ म्हणू नका. ‘‘का आवडलं?’’ एवढंच विचारा, आणि त्याचं सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नका.